ढकल आधी येते

शाळेत स्प्रिंग नव्हती.
टिपुगडे सरांनी फळ्यावर एक नागमोडी रेघ काढली,
तिच्याखाली उभ्या रेघा, कुठं दाट, कुठं विरळ,
आणि म्हणाले, वरचा अवतरंग, खालचा अनुतरंग,
दोन मार्काला येतं, पाठ करा.

घरी येऊन मी आण्णांना वही दाखवली.
बोलून उपयोग नव्हता.
उद्यमनगरात एकवीस वर्षं पॉवर प्रेसशेजारी उभं राहून
त्यांच्या कानांनी कधीच राजीनामा दिला होता.
चष्मा कपाळावर सारून त्यांनी रेघा पाहिल्या.
"ह्यात काय अवघड हाय, अक्काताय. उद्या कारखान्यावर ये."

पातळ तार, दीड इंची पाइप,
लेथ हळू फिरवत साडेतीनशे वेढे.
मधल्या एका वेढ्याला चिंधी,
दस्तगीरमामांच्या लाल रुमालाची.
मग तेलाचे डाग चुकवत फरशीवर
ते त्या टोकाला, मी ह्या.

मी मनगट आडवं झटकलं.
एक बाक धावत सुटला त्यांच्याकडं.
चिंधी डावीकडं, उजवीकडं, परत जाग्यावर.
आई आणि सरूकाकू घाटावर पिळलेलं लुगडं
दोन टोकांना धरून झाडतात, तसं.
लुगडं कुठं जातंय?
जातो तो झटका.

आण्णांनी त्यांच्या बाजूचे पाचसात वेढे
चिमटीत गोळा केले आणि सोडले.
दिसलं म्हणावं तर दिसलं नाही.
एक दाटी सरकत आली, तिच्या पाठोपाठ पोकळी,
चिंधी पुढं, मागं, जाग्यावर,
आणि माझ्या तळहाताला काहीतरी टेकलं.
"गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर रांग असतीया न्हवं?
मागनं कुणीतरी रेटतंय
आणि ग्लास सांडतोय पयल्याचा.
रेटणारा त्येला कधी भेटत न्हाई."

आवाज कसा जातो? मी वहीत लिहिलं.
खाली त्यांच्या तिरक्या अक्षरात उत्तर: ढकलत.
कोणत्या मशीनचं बेअरिंग गेलंय
हे ते पत्र्यावर हात ठेवून सांगत.
मालक आधी हसायचे, मग बोलवायला माणूस धाडायचे.

एक रात्र वहीत नाही.
कोयनेकडं कुठंतरी खडक सरकला.
आण्णा उघड्या फरशीवर झोपायचे, गाल टेकून.
पहिली ढकल त्यांना पोचली.
मांडणीतल्या वाट्या किणकिणल्याही असतील,
आम्हाला नाही ऐकू आल्या,
आम्हाला, ज्यांचे कान शाबूत.

अवतरंग मागून येतो. त्याची चालच धिमी.
पाण्याच्या पोटातून तर त्याला वाट नाही,
वाकवलं की परत सरळ होणारं काही लागतं त्याला,
तार, खडक.
कोयनेपासून इथवर येताना
दोघांत दहा-अकरा सेकंदांचं अंतर पडतं
हे गणित मी फार पुढं मांडलं, कॉलेजात.

तेवढ्यात आण्णांनी
धाकट्याला गोधडीसकट काखेत मारलं,
आईचा खांदा हलवला, माझा दंड धरला.
कडी काढताना त्यांचं बोट चिरडलं.
अंगणात आलो
आणि मग ओसरीवरचा बल्ब झुलायला लागला,
इकडून तिकडं, इकडून तिकडं,
भिंतीवर आमच्याच सावल्या लांबत, आखडत.
"आता दिसाय लागलं बघ," आण्णा म्हणाले,
बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात,
सगळ्या गल्लीला.

आता फळा माझ्याकडं आहे.
स्प्रिंग तीच, एका बाजूला ताणून सैल झालेली,
चिंधीचा रंग सांगता येणार नाही.
नागमोडी रेघ मीही काढते, दोन मार्कांचं मीही सांगते.
मग कुणालातरी पुढं बोलावते,
डोळे मिट म्हणते,
त्याच्या तळहातावर टोक देते
आणि वर्गाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन
पाचसात वेढे गोळा करून सोडते.

आलं?

थोडा वेळ कुणीच बोलत नाही.

व्हय, मॅडम.